ज्येष्ठता यादीप्रमाणे

“डोंगरापुढे दर्जा नसतो!” चंपतराव म्हणाले आणि त्यांनी उजवा हात छताकडे उंचावला. “साहेब असो की चपराशी, दोराच्या टोकाला सगळे सारखे. आजचा हा क्षण आपल्या कार्यालयाच्या इतिहासात अमर होईल.” मग त्यांनी तोच हात खाली आणून सदऱ्याच्या खिशात घातला, ज्येष्ठता यादी बाहेर काढली आणि पहिल्यांदा कोणी चढायचं ते पाहू लागले.

यादीत एकेचाळीस नावं होती. चंपतरावांनी ती सगळी मोठ्यानं वाचली. हजर दोघेच होते. नाव नोंदवलेल्या आठांपैकी सहा जणांनी वैद्यकीय प्रमाणपत्रं पाठवली होती, आणि एकाच डॉक्टरनं एकाच दिवशी सहाही कमरांत एकच लचक शोधून काढली होती.

“अनुक्रमांक चार, केशवराव. हे चढतील,” चंपतराव म्हणाले. “अनुक्रमांक एकेचाळीस, लहानू. हे दोर धरतील. मी साहस मंडळाचा अध्यक्ष असल्यामुळे पाहीन.”

लहानूनं चपला काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवल्या. केशवरावांनी नव्या कॅनव्हासच्या बुटांची नाडी, बांधलेली होती तरी, सोडून पुन्हा बांधली.

डोंगर म्हणजे खरं तर भिंत होती. साहसी खेळांना उत्तेजन द्यावं असं परिपत्रक दिल्लीहून एकोणऐंशीच्या जानेवारीत निघालं आणि टेबलाटेबलावर मुक्काम करत मे महिन्यात नागपूरला पोचलं. पहिल्या रविवारी मंडळी शहराबाहेरच्या खडकांवर गेली. सकाळच्या नऊलाच दगडानं सगळ्यांचे तळहात भाजून काढले. तेव्हा डोंगरच सावलीत आणावा असं ठरलं. बंद पडलेल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या हॉलमध्ये, तीस फुटी भिंतीवर, चौकीदार भैय्याजींनी सिमेंटमध्ये दगड बसवले. भैय्याजी पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बर्फातले पहाड चढून आलेले. सिमेंट परमिटवर मिळायचं, ते मधेच संपलं. त्यामुळे भिंतीच्या डाव्या अंगाला दगडांची ओळ वरपर्यंत गेली होती आणि उजव्या अंगाला नुसता कोरा गिलावा होता. वर पत्रे होते. दगड तापत नव्हते एवढं खरं. माणसं तापत होती.

छताखालच्या तुळईला, पूर्वी कापसाच्या गाठी वर घ्यायची, ती कप्पी तशीच होती. भैय्याजींनी तिच्यावरून दोर घेतला. एक टोक केशवरावांच्या कमरेला बांधलं, दुसरं लहानूच्या. मग दोन पावलं मागं सरकून त्यांनी दोघांकडे पाहिलं, एकदा या टोकाकडे, एकदा त्या.

“साहेब, हे उलटं होऊन राह्यलं,” ते चंपतरावांना म्हणाले. “हे दादा ऐंशी किलोच्या खाली नाही. अन् हा गडी पन्नासही नसंल. हलक्यानं चढावं, भारी माणसानं खाली धरावं. आमच्या पलटणीत असंच करत होतो.”

“पलटणीत असेल. आमच्याकडे यादी आहे. कनिष्ठानं वरिष्ठाला चढवायचं, हीच पद्धत आहे.”

“मंग जमिनीले बी दाखवून ठेवा ते यादी. तिले माहीत नसंल.”

चंपतराव हसले. लहानूही थोडा हसला. केशवरावांना हसू आलं नाही. ते आपल्या कमरेची गाठ बोटांनी चाचपत होते आणि तिथून दोर वर जाऊन, कप्पीवरून वळून, कोणाच्या हातात उतरतो ते पाहत होते.

या दोराच्या दोन टोकांमध्ये एक कागद होता, आणि तो केशवरावांनी लिहिला होता.

सात वर्षांपूर्वी ही यादी वेगळी होती. तिच्यात लहानू केशवरावांच्या एक नंबर वर होता आणि हेडक्लार्कची एकच जागा निघाली होती. तेव्हा वरच्या साहेबांना एक निनावी अर्ज गेला. लहानू राखीव जागेवर लागला आहे, पण त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली आहे; धर्म बदललेल्याला केंद्राच्या नियमात ती सवलत नाही; खात्री करायची असेल तर इंदोऱ्यातल्या त्याच्या घरी जावं, आतल्या खोलीत, कणगीच्या वर, बुद्धाची तसबीर आहे. खाली सही होती, ‘एक नियमप्रेमी’. केशवरावांनी तो डाव्या हातानं लिहिला होता, आणि त्यामुळे तो आपण लिहिलाच नाही असं त्यांना पुढे पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

चौकशी नियमाप्रमाणे झाली. दयाबुद्धीनं नोकरी ठेवण्यात आली. बढती केशवरावांकडे गेली, लहानूचा नंबर यादीच्या तळाला गेला आणि लहानू भिवापूरच्या उपकार्यालयात गेला. महिन्यापूर्वी तो बदलून परत आला. आल्या दिवशी “नमस्कार साहेब” म्हणाला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसून आवक-जावक लिहू लागला. महिनाभर केशवराव त्याच्या मानेकडे पाहत होते. त्याला माहीत आहे की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मानेवरून काही कळत नव्हतं.

“ऐका,” भैय्याजी म्हणाले. “पहिली गोष्ट. माणूस हातानं चढत नाही, पायानं चढते. हात फक्त धरायले. दुसरी. तीन गोष्टी दगडावर, चवथी हलवाची. दोन पाय एक हात, नाही त दोन हात एक पाय. तिसरी. चढायच्या आधी वरच्यानं विचाराचं, ‘धरलं?’ खालच्यानं सांगाचं, ‘धरलं.’ त्याच्याशिवाय पाय उचलाचा नाही.”

केशवरावांनी दोन्ही हात पहिल्या दगडावर ठेवले. दगड गार होता.

“धरलं?” त्यांनी विचारलं.

“धरलं, साहेब,” लहानू म्हणाला.

“नक्की?”

“नक्की म्हणाचं नसते,” भैय्याजी म्हणाले. “एकदाच विचाराचं. पुन्हा पुन्हा विचारलं का धरणाऱ्याले राग येते.”

केशवरावांनी पाय उचलला.

पहिले सहा फूट ते बरेच चढले. खाली चंपतराव “वा, वा” करत होते. आठव्या फुटावर बूट घसरला आणि ते कसाबसा तोल सावरून भिंतीला गाल लावून उभे राहिले. चुन्याचा वास नाकात गेला. दहाव्या फुटाशी त्यांनी खाली पाहिलं. पाहायचं नसतं हे भैय्याजींनी सांगायचं राहून गेलं होतं. लहानूचं डोकं दिसलं, मध्यावर विरळ झालेले केस, आणि दोर ओढून घेणारे दोन हात. सारखा, न थांबता, दोर खाली येत होता आणि त्याच्या कमरेभोवती गुंडाळला जात होता. कुठे सैल नाही, कुठे झटका नाही. पोस्टाच्या पाकिटांना दोरा गुंडाळावा तसं तो हे काम करत होता.

“दोन पाय, एक हात!” भैय्याजी ओरडले. “तुम्ही नुसत्या हातानं लटकून राह्यले!”

चोविसाव्या फुटावर डावा पाय आपोआप थरथरू लागला. तो थांबेना. शिवणाच्या मशीनच्या पायडलसारखा तो एका लयीत हलत होता, आणि केशवराव त्याच्याकडे दुसऱ्याचा पाय पाहावा तसे पाहत होते.

“लहानू!” ते वरून म्हणाले. “धरलं?”

“धरलं, साहेब.”

“धरलंस ना?”

खालून उत्तर यायला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात केशवरावांचे तळहात ओले झाले. “धरलं,” असं लहानू म्हणाला तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखालचा दगड आधीच सुटलेला होता.

जमिनीला यादी माहीत नव्हती. ऐंशी किलो खाली आले आणि पन्नास किलो वर गेले. भैय्याजींनी लहानूचा पाय धरायला झेप घेतली. तोवर पाय त्यांच्या हाताच्या वर होता. कप्पी किंचाळली, दोर चाकावरून घसरून बाजूच्या फटीत घुसला, आणि सगळं थांबलं.

धूळ खाली बसली तेव्हा हेडक्लार्क आणि आवक-जावक कारकून जमिनीपासून बारा फुटांवर, हातभर अंतरावर, समोरासमोर लोंबकळत होते.

चंपतरावांनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. “हे दोघं एका पातळीवर आले की हो,” ते म्हणाले. असं कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

भैय्याजींनी वर पाहिलं, कप्पी निरखली, आणि त्यांच्या आवाजातली थट्टा गेली.

“हलू नका. कोणीच हलू नका. दोर फटीत फसला, पण पक्का नाही फसला. दोघायचा ताण आहे म्हून थांबला. लहानूभाऊ, तुह्या डाव्या पायाजवळ दगड आहे, दिसला?”

“दिसला.”

“त्याच्यावर पाय ठेवू नको. मन होईल, पण ठेवू नको. तुह्या वजनानं तिकडचं टोक धरून आहे. तू दगडावर उभा राह्यला का तुह्यावाला भार गेला. भार गेला का दोर सुटला, अन् हे दादा फरशीवर. समजलं?”

“समजलं.”

“मी शिडी आणतो. मालकाच्या बंगल्यावर आहे, कुलपात. धा मिनिटं लागन.”

“मी अग्निशमन दलाला फोन करतो,” चंपतराव म्हणाले. मग त्यांनी रविवार असल्याचं बोलून दाखवलं, आणि तरीही गेले. भैय्याजी झेपेत आपटलेल्या गुडघ्यानं लंगडत त्यांच्या पुढे गेले. मोठं लोखंडी दार करकरलं आणि लागलं.

काही वेळ दोघं नुसतेच लटकले. पत्र्यांतून ऊन तडतडत होतं. केशवरावांच्या पाठीशी कोरा गिलावा होता. हात लावायला त्याच्यात काहीच नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी डोक्यावरचा दोर धरला होता. लहानूच्या कमरेची गाठ सरकून छातीपर्यंत, काखांत गेली होती. तो हातांनी दोराला आधार देत होता, म्हणजे काखांना थोडा श्वास मिळत होता.

त्याच्या डाव्या पायापासून वीतभर अंतरावर तो दगड होता. भैय्याजींनी बसवलेल्यांत सगळ्यात चांगला. वरून सपाट, दोन्ही पावलं मावतील एवढा. केशवरावांना तिथून नजर काढता येईना.

“लागतंय का रे, लहानू?”

“काखेत कापून राह्यला दोर.”

“येईलच आता शिडी.”

“येईन.”

“भैय्याजी काय म्हणाले ते ऐकलंस ना? पायाचं?”

“ऐकलं, साहेब.”

केशवरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. घाम खारट लागला. फरशी खाली होती, लाल, गाठींच्या धक्क्यांनी उखडलेली. तिच्यावर भिंतीशी लहानूच्या चपला होत्या, जोडीनं ठेवलेल्या.

“लहानू, तो अर्ज…”

“कोणता, साहेब? अर्ज लय येतात. मीच आवक करतो.”

“बहात्तरचा.”

लहानूनं वर कप्पीकडे पाहिलं.

“तो मी केला होता,” केशवराव म्हणाले. सात वर्षं जे वाक्य फार मोठं वाटलं होतं ते एवढंसं निघालं. त्यांनी डोळे मिटले आणि दोर घट्ट धरला.

“माहीत आहे,” लहानू म्हणाला.

केशवरावांनी डोळे उघडले. लहानूनं दोरावरची पकड बदलली होती, एवढंच.

“कधीपासून?”

“चौकशीवाल्या साहेबांनी वाचून दाखवला तव्हापासून.”

“अक्षर तर…”

“अक्षर कोण पाह्यलं? त्यायनं वाचलं, ‘आतल्या खोलीत, कणगीच्या वर.’ झालं.” लहानू थोडा थांबला. श्वास घ्यायला त्याला वेळ लागत होता. “केशवराव, पोराचं नाव ठेवलं तव्हा मी सगळ्या ऑफिसले जेवाले बोलावलं होतं. एकेक टेबलावर जाऊन. किती जण आले?”

केशवरावांना आकडा माहीत होता. ते एकटेच गेले होते. आतल्या खोलीत, पाटावर बसून, पाटवडीचा रस्सा दोनदा मागून घेतला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी ते सर्वांना सांगितलं, आणि नंतरही वर्षभर, कुठं विषय निघाला की सांगत राहिले. घरी मात्र पोट बिघडलंय म्हणून जेवत नाही, असं सांगितलं होतं.

“बाकीचे आले नाही,” लहानू म्हणाला. “तव्हा मले लय वाईट वाटलं त्यायचं. पण त्यायले कणगी माहीत नोहती.”

बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकलं. शिडीचा आवाज नव्हता.

“चौकशीत आईले बोलावलं,” लहानू सांगू लागला. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. “साहेबांनी विचारलं, बायजाबाई, तुम्ही कोण? म्हणे, लिहा. बौद्ध. छप्पन्न साली मी सोता उभी होती, अन् हे पोरगं माह्या बाजूले उभं होतं. इकडं मी तिले मागून खुणा करून राह्यलो, नको म्हून. तिनं पाह्यलंच नाही. तिले वाटलं साहेब कौतुकानं विचारून राह्यले.”



“मंग बढती गेली. तिनं घेतलं मनावर, का माह्या तोंडानं पोराचं गेलं. भिवापूरले दोन वर्षं होती. बोलणंच सोडलं. वाढू का, पुरे का, एवढंच. तशीच गेली.”

“तू सांगायचं होतंस तिला,” केशवराव म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. “कोणी केलं ते. तिचा दोष नव्हता.”

“सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण कोणी शेजारीण येऊन बसली का ती एक गोष्ट सांगे. तेवढीच. नागपूरले होतो तव्हा महाल भागातला, मोठ्या घरचा माणूस आमच्या इथं आत बसून जेवला. दोनदा रस्सा मागतला. मी वाढला, म्हणे, माह्या हातानं.” लहानूनं मान थोडी वळवून दंडाला घाम पुसायचा प्रयत्न केला, मान पोचली नाही. “तेवढं एकच राह्यलं होतं तिच्यापाशी. तेही काढून घेतलं असतं त तिच्या हाती काय देलं असतं मी?”

वर कप्पी कुरकुरली.

दोर बोटभर सरकला. केशवराव बोटभर खाली आले, लहानू बोटभर वर गेला. मग आणखी बोटभर. लहानूचा डावा पाय हलला आणि त्याचा अंगठा त्या सपाट दगडाला लागला. केशवरावांनी ते पाहिलं. ओरडावं असं त्यांना वाटलं, पण काय ओरडावं ते सुचलं नाही. “धरलं?” एवढाच एक शब्द त्यांना शिकवलेला होता, आणि तो विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी डोळे मिटले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तेव्हा लहानूनं दोन्ही गुडघे पोटाशी घेतले होते आणि पाय आखडून दगडापासून लांब धरले होते. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. दोर काखेत आणखी रुतला होता. सदऱ्यावर तिथं एक ओली, लालसर रेघ उमटत होती. तो केशवरावांकडे पाहत होता. त्या पाहण्यात राग शोधायचा केशवरावांनी प्रयत्न केला, मग क्षमा शोधायचा. दोन्हींतलं काहीच सापडलं नाही. लहानू नुसता काहीतरी ठरवत असल्यासारखा दिसत होता.

“केशवराव,” तो म्हणाला.

“काय?”

“एक काम होतं तुमच्याकडं.”

“सांग,” ते म्हणाले. “सांग ना, लहानू. काय वाट्टेल ते सांग.”

“लय वेळची नाकाच्या शेंड्याले खाज सुटून राह्यली,” लहानू म्हणाला. “माह्ये दोन्ही हात गुंतले. जरा खाजवून द्या न.”